हॅम्बुर्गचा बुरूज

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांइतका भित्रा माणूस अख्ख्या बहारीनमध्ये नव्हता, आणि हॅम्बुर्गचं बालपण त्यांच्याइतकं ठाऊक असलेला माणूस खुद्द हॅम्बुर्गमध्येही नसेल. मूळचे रत्नागिरीचे, कुटुंब गावी, स्वतः मनामातल्या उम्म अल हस्सम वस्तीत एकटे. त्यांच्या ऑफिसातला साहेब हॅम्बुर्गचा. त्याने चहाच्या वेळी आपल्या शहराची जन्मकथा सांगितली आणि यांच्या जिवाला घोर लावला. फार पूर्वी तिथे नदीकाठी मातीचा बांध आणि लाकडी कुंपण घातलेला किल्ला होता. आत चर्च, बाहेर व्यापाऱ्यांची वस्ती. "बुर्ग म्हणजे आपला बुरूज रे! अरबीत बुर्ज. खलास!" हे सांगताना ते खुलत. मग आवाज खाली येई. एके दिवशी उत्तरेकडचे चाचे होड्यांतून आले आणि सगळं जाळून गेले. पुढे बाजार पुन्हा भरला, बंदर वाढलं, शहर मोठं झालं. पण तिथवर आमचे शेजारी कधी पोचतच नसत. त्यांचं हॅम्बुर्ग कायम जळत असायचं.

इराकने कुवेत घेतल्यावर तर त्यांच्या भीतीला ऊत आला. आमच्या गल्लीतल्या दुकानात चिकटपट्टी मिळेना, कारण ती सगळी यांच्या घरात. विषारी वायू आत येऊ नये म्हणून खिडक्यांना पट्ट्या, फटींना पट्ट्या, खोलीभर पाण्याच्या बादल्या. "हा आपला बुर्ग. हल्ल्याचा भोंगा वाजला की सगळ्यांनी इथे यायचं."

"पण भाईजान, श्वास कुठून घ्यायचा?" माझ्या बायकोने विचारलं.

"ते नंतर बघू, वहिनी."

आम्ही हसलो खरे, पण युद्ध सुरू झालं आणि हसू आटलं. एका संध्याकाळी भोंगा वाजला. आम्ही दोघं धावत वर गेलो. त्यांनी दार लावून पट्ट्या मारल्या, आणि तेव्हा कळलं की आमची लहान मुलगी आत नाही. मला वाटलं होतं ती हिच्याबरोबर आहे, हिला वाटलं माझ्याबरोबर. ती गच्चीवर खेळत होती! पट्टीचं टोकच नखाला सापडेना. ही किंचाळायला लागली. भोंगा चालूच होता.

"सरक!" शेजारी ओरडले. सगळ्या पट्ट्या ओरबाडून काढल्या आणि माझ्याआधी, अनवाणी, जिना चढून गेले.

ते मुलीला कडेवर घेऊन आले. दार लागलं, पण पट्ट्या आता चिकटेनात. त्यांचं अंग थरथर कापत होतं. मुलीने त्यांच्या गालाला हात लावला. "अंकल, आर यू कोल्ड?"

"हां बेटा, थंडी आहे," ते म्हणाले. भोंगा थांबला तरी तिला खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही.

पुढे ते रत्नागिरीला परतले, आणि काही वर्षांनी गेल्याचं कळलं. मुलीला भोंगा आठवत नाही. अंकलना फार थंडी वाजायची, एवढंच तिला आठवतं.