कोराडीला गेलेला बाप

रीळभाऊंकडे चार रिळांचा एक सिनेमा होता आणि त्यातलं तिसरं रीळच नव्हतं. तरी ते तो भाड्यानं द्यायचे. तिसऱ्याची पाळी आली की यंत्र बंद करून स्वतः पडदा म्हणून बांधलेल्या चादरीपुढे उभे राहायचे आणि मधली गोष्ट सांगायचे.

आता तुम्ही म्हणाल, ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल असताना आमच्या हुडकेश्वरमध्ये रिळं कोण आणतं? आम्ही आणायचो. बारसं असो की कोणाची साठी, रीळभाऊ स्कूटरला यंत्र बांधून हजर. आल्याबरोबर माझ्या चादरीला नाक मुरडायचे. "वहिनी, फुलाफुलाची नाही चालत. हिरोइनच्या गालावर गुलाब येते." आणि पाण्यालासुद्धा कोणाला उठू द्यायचे नाहीत. "पिक्चर पूर्ण पाहाचा असते!" स्वतःचा सिनेमा पाऊण, तरी हा तोरा.

दुसऱ्या रिळात नायिकेचा बाप खोकत खाटेवर पडायचा आणि चौथ्यात तिच्या लग्नात दिसायचाच नाही. रीळभाऊ सांगत, "बाप बरा झाला. कोराडीच्या वीज केंद्रात नोकरी लागली त्याले. डबल पाळी हाये." सिनेमात सगळ्या बैलगाड्या नि फेटे, पण कोराडी कुठून आली हे कोणी विचारलं नाही.

माझ्या सासूबाई नव्वदीच्या, पहिल्या खुर्चीत. त्या विचारायच्या, "पोरीच्या लग्नालेही सुटी नाही भेटत?"

"राख उडून राहिली ना आजी तिथं. सोडून कसा येईन?"

"अन् जेवाचं?"

"कॅन्टीन हाये!"

दर खेपेला हेच. एवढं झाल्याशिवाय सासूबाई चौथं रीळ लावू देत नसत.

रीळभाऊंचा जीव मात्र त्या हरवलेल्या रिळात अडकलेला. "मराच्या आधी एकदा पूर्ण दाखवीन, वहिनी." सिनेमा ज्यांच्याकडून विकत घेतला, त्या भिवापूरच्या घरी दर वर्षी चकरा. शेवटी त्या घरचा तिखटाचा डबा गंजून फुटला आणि तळातून रीळ निघालं. इतकी वर्षं घरातले म्हणत होते, हा डबा जड आहे म्हणून बरं, मांजर पाडत नाही.

रीळभाऊंनी ते पुसूनबिसून आमच्याकडे लावलं. दिवा तापला, रीळ तापलं आणि खोलीभर ठसका उठला. चादरीवर बाप मेला. सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा. रीळभाऊ गहिवरले, "असा असते पूर्ण पिक्चर!"

"तिखटानं रडून राहिलो आम्ही," सासूबाई खोकत म्हणाल्या. "चांगला ड्युटीवर होता गा बाप. काहून मारला त्याले?"

रीळभाऊंनी रीळ गुंडाळलं. वाटलं, हा माणूस आता येत नाही. पुढच्या महिन्यात आले, चारही डबे घेऊन. तिसऱ्याचं झाकण न उघडता चादरीपुढे उभे राहिले. "बाप बरा झाला," म्हणाले, "अन् परमनंटही झाला."

गेल्या उन्हाळ्यात रीळभाऊ गेले. त्यांच्या बायकोनं यंत्र आणि डबे आमच्याकडे आणून दिले. सासूबाईंना सांगायचा मला धीर होईना. एका दुपारी खिडक्या लावून सिनेमा सुरू केला. दुसरं रीळ संपलं तशी मीच उभी राहिले. सांगून झालं, तर सासूबाई इकडेतिकडे पाहत विचारतात, "रीळभाऊ काहून नाही आला वं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "कोराडीले गेले, आई. डबल पाळी लागली."

सासूबाईंनी रीळभाऊंच्या यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग पदर सारखा करून म्हणाल्या, "कॅन्टीन हाये ना तिथं? लाव मग चौथं रीळ."