पट्टीवरचे गणपती

वसमतला माझ्या काकांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. मी घरी बसून संगणकाच्या पडद्याची मांडणी करते. खालची पट्टी कशी असावी, एका खिडकीतून दुसरीत कसं जावं, असलं काम. काका पाहुण्यांना सांगायचे, "पोरगी खिडक्या बनवते." त्यावर एका पाहुण्यानं मला स्लायडिंगचा भाव विचारला होता.

लग्नसराईत काकांच्या संगणकावर एकाच वेळी बऱ्याच पत्रिका उघड्या असतात. म्हणून माझी नवी पट्टी मी तिथंच लावून बघितली. पट्टी सुटसुटीत दिसावी म्हणून एकाच प्रोग्रॅमच्या सगळ्या खिडक्या मी एका चित्राखाली गोळा केल्या होत्या. फार देखणी झाली होती. काकांना मात्र कुठली पत्रिका कुठं गेली ते कळेना, आणि विचारायचा त्यांना संकोच वाटला.

दोन दिवसांनी कुरुंद्याचे एक गृहस्थ छपाईआधीचा नमुना तपासायला आले. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि ते म्हणाले, "हे मामा चांगले दिसून राहिले, पण आमचे न्हाईत. आमचे आधीच रुसून बसलेत." नरसी गावच्या नवरीचे मामा कुरुंद्याच्या पत्रिकेत आले होते. काकांनी पट्टीवरच्या त्या एकुलत्या चित्राकडं बोट दाखवलं.

मी खजील होऊन प्रत्येक खिडकी सुटी केली आणि पट्टीवर नावं दिली. पण पत्रिकांचा तो प्रोग्रॅम पहिली ओळच फाईलचं नाव म्हणून घेतो. पट्टीवर ओळीनं 'श्री गणेश प्रसन्न', 'श्री गणेश प्रसन्न' असंच उमटलं. मग मी नावावर बाण नेला की खिडकीचं छोटं चित्र दिसेल अशी सोय केली. सगळ्या चित्रांत वर गणपती, खाली मुंग्यांसारखी अक्षरं. काकांनी सवयीनं हात जोडले.

"दर्शन झालं. आता कुरुंदा कोणता ते सांग."

मी ते चित्र कामावरच्या मंडळींना पाठवलं. परदेशातल्या एका सहकाऱ्यानं विचारलं, हत्ती हे या प्रोग्रॅमचं बोधचिन्ह आहे का?

शेवटी मी दिवसभर दुकानात बसून राहिले. तेव्हा लक्षात आलं, काका गिऱ्हाइकाला त्यानं निवडलेल्या कागदाच्या रंगावरून ओळखतात. "ते गुलाबीवाले येऊन राहिले," असं ते काकूला सांगत होते. मग पट्टीवरच्या प्रत्येक खिडकीला हवा तो रंग देता येईल असं मी केलं. काकांनी स्वतः रंग भरले. काळा तेवढा मला काढून टाकायला लावला. शुभकार्यात तो काहून ठेवला, म्हणाले.

ते जमलं. मामा आपापल्या पत्रिकेत राहिले. माझ्या मंडळींनीही ती सोय ठेवून घेतली.

परवा दुकानात गेले, तर सिद्धेश्वरहून आलेलं एक कुटुंब गुलाबी कागद हातात घेऊन बसलं होतं. पट्टीवर गुलाबी खिडकी आधीच होती. काका त्यांना मोठ्या आपुलकीनं समजावत होते की गुलाबी यंदा कुणी घेत न्हाई, पिस्ता घ्या.