उणिवांचा कोरा चौकोन

"मी ते चिठ्ठी बलस्थानात लावली होती! उणिवात गेली कशी? पाय फुटले का तिले?"

मेट्रन माझ्यावर ओरडत होत्या. धंतोलीतल्या सगळ्या दवाखान्यांतले बेशुद्ध पेशंट उठून बसले असतील, असा तो आवाज. मागे भिंतीवर माझा तक्ता. चार चौकोन: बलस्थानं, उणिवा, संधी, धोके. त्यावरून आमच्या हॉस्पिटलचं पुढचं नियोजन ठरायचं होतं, आणि ते करवून घेणारा व्यवस्थापक मी.

झालं असं की आदल्या दिवशी प्रत्येकानं आपापली चिठ्ठी चौकोनात लावायची होती, आणि हॉस्पिटलचे मालक, आमचे मोठे डॉक्टर, स्वतः समोर खुर्ची टाकून बसले. मालकाच्या तोंडावर त्याची उणीव कोण लिहिणार? बलस्थानांवर चिठ्ठ्यांचा एवढा थर चढला की भिंत पुढे झुकली. कायम बंद असणारी लिफ्टही बलस्थान! उणिवांचा चौकोन मात्र कोरा. तसाच अहवाल दिला असता तर पहिली उणीव मीच ठरलो असतो. सगळे चहाला गेले तसा मी हाताला लागली ती चिठ्ठी उचलून तिकडे डकवली. 'तळमजल्यावरचा नातेवाइकांचा हॉल.' अक्षर मेट्रनचं.

गडचिरोली, यवतमाळकडून पेशंटसोबत आलेली माणसं त्या हॉलमध्ये सतरंजी टाकून झोपायची, डबे सोडायची. डॉक्टरांनी सकाळी तक्ता पाहिला, एकुलती एक उणीव सापडली, आणि तिचा तिथल्या तिथे निकाल लावला. हॉल बंद, तिथे कॉफी शॉप.

"आता त्या लोकायनं जावं कुठं? बोला ना, साहेब!"

मी, ज्याच्या थापा बर्डीवरून निघून कोराडीला पोचेपर्यंत संपत नाहीत, तो मी म्हणालो, "सर्वांच्या चर्चेतून आलंय ते." डॉक्टर शेजारीच होते. एक खरं वाक्य पुरलं असतं. मी तक्ता सरळ करू लागलो.

कॉफीचं यंत्र आलं. माणसं रॅम्पच्या कडेला गाठोडी घेऊन बसू लागली. एका म्हातारीनं मला विचारलं, "बाबू, इथं बसलं तं चालते का गा?" मी ऐटीत हो म्हणालो, जसा काही रॅम्प माझ्या आजोबांनी बांधला होता. आणि मग तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात रॅम्पवरून मेट्रन खाली येताना दिसल्या. मी त्यांना आडवा गेलो. "मेट्रन, ती चिठ्ठी मीच हलवली होती."

"बाजूले व्हा. स्ट्रेचर येऊन राहिलं."