अस्तरातले तांबडे ठिपके

डॉक्टर साळवी बाई सोनोग्राफीचा पडदा आधी पेशंटकडे वळवायच्या आणि मग स्वतः मान वाकडी करून बघायच्या. त्यांची मान कायम दुखायची, यात नवल नव्हतं.

मांडवीजवळच्या त्यांच्या दवाखान्यात पाळीच्या रक्ताला घाण म्हणायची सोय नव्हती. बाई भडकायच्या. "घाण कसली गो? जखम झाल्याबिगर अंगात नवी रक्तवाहिनी सहसा फुटत नाय. हितं पिशवीच्या अस्तरात दर म्हैन्याला फुटतात, बाळ येईल म्हणून. नाय आलं तर सगळं झडतं, नि परत पयल्यापासून सुरू. कंटाळत नाय!"

लग्नाला सहा वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं. अस्तर पातळ, त्याला रक्त कमी पोचतं, असं निदान झालं. बाईंनी औषधं सुरू करून बाराव्या दिवशी बोलावलं. पण पुढची पाळी नेमकी गणपतीत येत होती आणि सासूबाईंना सोवळ्याची काळजी, म्हणून त्यांनी गोळ्यांचं काढलं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तारखेच्या तीन-चार दिवस आधी घेतात; मी शहाणीने जास्त खात्री म्हणून, बाईंना न विचारता, आधीची पाळी आटोपल्याआटोपल्याच सुरू केल्या. बाईंनी पडदा पाहिला. त्या गोळ्यांनी अस्तराची वाढ थांबली होती. मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हैना फुकट गेला." मी बाहेर येऊन ढसाढसा रडले.

पुढची पाळी नवरात्रात येणार होती. सासूबाई पुन्हा गोळ्यांचं काढणार हे ओळखून बाईंनी त्या खेपेला त्यांनाच आत बोलावलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. अस्तरात तांबडे-निळे ठिपके लुकलुकत होते.

"तुम्ही घाण म्हणता ना, ती ही. सुनेचं रक्त बाळासाठी वाट काढतंय."

सासूबाई पडद्याजवळ वाकून बघू लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे मी चाळीस वर्सं उगाच बाजूला बसले?"

"होय," बाई म्हणाल्या. गोड बोलणं त्यांना कधी जमलंच नाही, आणि म्हणूनच त्या मला फार आवडायच्या.

मला दिवस राहिले ते पुढे माघात. मुलगी आता चार वर्षांची आहे, आणि बाई दवाखाना बंद करून लेकाकडे राहतात. त्या नवरात्रात मात्र सातव्या माळेच्या सकाळी पाळी आलीच. मी डोळे पुसत बाजूला बसायला निघाले, तर सासूबाईंनी घटावर घालायची झेंडूची माळ माझ्याच हातात दिली.

"म्हैनाभर राबलीस," त्या म्हणाल्या, "तूच घाल."