आबासाहेबांचं वजन

कोणीतरी दोघांचं जेवतं आहे. नाव मी घेणार नाही. पण ज्या गावात चौदा मुलांच्या ताटातली भाकरी चतकोराने कमी करावी लागते, आणि त्याच गावात शिंपी कोट शिवताना दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कापड आत दडवून ठेवतो, 'पुढच्या वर्षी लागेलच' म्हणून, त्या गावात भाकरी इकडून तिकडे गेली आहे एवढं नक्की. ज्याने खाल्ली त्याला ठाऊक आहे.

यावर मी एक खणखणीत लेख लिहायला बसलो होतो. कॉलेजातून बाहेर पडून मला दोनच वर्षं झाली आहेत, त्यामुळे लेख लिहिला की समाज हलतो असं मला अजून वाटतं. पण लेखच हलेना. किस्से आडवे येत राहिले. किस्स्यांचं चरबीसारखं आहे. साठताना कळत नाही, एक दिवस बटण तुटतं.

तर बटण तुटलं आहे. ऐका.

मी अकोल्यात एका शाळेत शिकवतो. सकाळी जठारपेठेजवळच्या मैदानावर मोठ्या माणसांसाठी व्यायामाचा वर्ग घेतो, आणि उरलेल्या वेळात एक लहानसं वसतिगृह सांभाळतो. मॅट्रिकची चौदा मुलं आहेत, बहुतेक बार्शीटाकळीकडची. काही कुणब्यांच्या घरातली, काही गेल्या पाच-सहा वर्षांत बौद्ध झालेल्या घरांतली. एका पंगतीत जेवतात, एकाच कंदिलावर भांडतात. यंदा अडचण अशी आली की कोठीतली ज्वारी परीक्षा संपायच्या वीस दिवस आधीच संपणार होती. ज्वारी संपली की मुलं घरी जाणार, आणि घरी गेलेला मुलगा परीक्षेला परत येत नाही, हे मी गेल्या वर्षी पाहिलं होतं.

तेवढ्यात आबासाहेब धावून आले. आबासाहेब म्हणजे आमच्या धान्यबाजारातले मोठे अडते. वरूडला त्यांची संत्र्याची बाग आहे. मार्चमध्ये त्यांची साठी होती. त्यांनी जाहीर केलं, "माही तुला करा. माह्या वजनाइतकी ज्वारी पोराईले."

वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या गिरजाबाईंनी बोटांवर मोजून मला सांगितलं, "सर, आबासायेब बराबर वीस दिवस पुरतात."

आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांनी आबासाहेबांना सांगितलं की हृदयावर ताण आहे, वजन उतरवा. ते उतरवायला आबासाहेब माझ्याच वर्गात दाखल झाले.

* * *

वर्गाची वेळ सकाळी सहाची. पहिल्याच दिवशी एक वकीलसाहेब सायकल-रिक्षातून उतरले. त्यांचं घर मैदानापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी म्हटलं, साहेब, एवढं चालत आला असतात तर? ते म्हणाले, चालत आलो असतो तर चालायला उशीर झाला असता.

मग ते मैदानाला दोन फेऱ्या मारत आणि रिक्षात बसून परत जात. रिक्षावाला बाहेर वाट पाहत उभा. त्याच्या बरगड्या लांबून मोजता येत.

दोन महिन्यांनी वकीलसाहेबांनी वर्गात सर्वांसमोर तक्रार मांडली की या व्यायामाचा काडीचा उपयोग नाही, वजन होतं तेवढंच आहे. मी चिडलो. रिक्षापर्यंत त्यांना सोडायला गेलो तेव्हा रिक्षावाल्याला म्हटलं, "तुम्हीच सांगा भाऊ, रोज येता. काही फरक पडला की नाही?"

"पडला ना सर," तो पॅडलवर पाय ठेवत म्हणाला. "माहा सदरा ढिला झाला."

* * *

त्याच सुमारास बाजारात मण-शेर जाऊन किलो आले होते. आबासाहेब आयुष्यभर 'तीन मणाचा माणूस' म्हणून ओळखले जात आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तीन हा आकडा दिसायलाही आटोपशीर. डॉक्टरांनी नव्या काट्यावर उभं केलं आणि मोठ्याने वाचलं, एकशे बारा.

आबासाहेब काट्यावरून उतरेनात. तीनचे एकदम एकशे बारा झाले, आणि तेही फराळ न करता आलेल्या माणसाचे! त्यांनी सरकारला बरंच काही सुनावलं. मणाने मोजत होते तोवर आपल्याला कधी दम लागला नव्हता, हेही सांगितलं. मी सोबत होतो. मी त्यांना दशमान पद्धत समजावून दिली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, तुमी मले जुन्या मापानंच तपासत जा."

* * *

वर्गात सगळेच अडते-वकील नव्हते. तायडे नावाचे टपाल खात्यातले एक कारकून होते. घरातले पहिले सरकारी नोकर. खेड्यात होते तोवर शाळेसाठी रोज चार मैल जात, चार मैल येत. अकोल्यात आले, खुर्ची मिळाली, हॉटेलातला चहा-भजी मिळाली, आणि तीन वर्षांत पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. टपाल दुसरे लोक वाटतात, तायडे त्यावर शिक्के मारतात.

तायडे माझा सर्वांत गुणी विद्यार्थी. पाच किलो उतरवले आणि एकाएकी यायचे बंद झाले. मी तावातावाने त्यांच्या घरी गेलो. शहरी जीवन, बैठं काम, इच्छाशक्ती असं सगळं भाषण वाटेत तयार केलं होतं. तायडे मान खाली घालून बसले होते. त्यांची आई गावाहून आली होती. मुलाला पाहताच तिने नोकरी गेली का म्हणून विचारलं होतं आणि तेव्हापासून ती रडत होती.

ती मला म्हणाली, "याच्या बापाचं पोट पाठीले लागून होतं. तसेच गेले ते. ह्या घरात पयल्यांदा कोनाले पोट आलं, सर. तुमी ते काहून कमी करून राहिले?"

तिने चहा दिला. त्यात तिघांची साखर होती. मी तो पूर्ण प्यालो.

* * *

इकडे आबासाहेबांना डॉक्टरांनी पथ्य लिहून दिलं: पुरी, तूप, श्रीखंड बंद, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ताक. अडचण अशी की आबासाहेबांच्या घरात भाकरी थापता येणारं कोणी उरलं नव्हतं. सुना शहरातल्या, आणि स्वयंपाकाला ठेवलेल्या महाराजांना भाकरी करणं अपमानाचं वाटे. मग अकोल्यात अस्सल भाकरी मिळणार कुठे? तर आमच्या वसतिगृहात.

आबासाहेब दुपारी पंगतीला येऊ लागले. मुलांच्या ओळीत पाटावर बसत. चार भाकरी खात. डॉक्टरांनी भाकरी खा म्हटलं होतं, किती ते म्हटलं नव्हतं, आणि औषध कमी पडू नये याबद्दल आबासाहेब दक्ष असत. वर मुलांना उपदेश. तुम्ही नशीबवान आहात, गरिबीत तब्येत कशी खडखडीत राहते, आम्हाला हे सुख नाही, वगैरे. एकदा अंबाडीच्या भाजीवर त्यांचे डोळे भरून आले. मुलं त्यांच्या चौथ्या भाकरीकडे पाहत होती. त्यांचेही भरून आले असावेत.

पुरी-तूप सुटलं होतं, त्यामुळे चार भाकऱ्या खाऊनही वजन उतरू लागलं. एकशे आठ. एकशे तीन. अठ्ठ्याण्णव. वर्गातले लोक माझं अभिनंदन करत होते आणि मी उतरलेल्या किलोंमागे ज्वारीचे दिवस वजा करत होतो.

एक दिवस गिरजाबाईंनी मला कोठीत बोलावलं. कणगीत हात घातला तर तळ लागत होता.

"सर, हा मानूस दोन्हीकून खाऊन राहिला," त्या म्हणाल्या. "आज इथली खाते, अन् तिकडं बारीक होऊन पुढची बी कमी करते."

मी परीक्षेचं वेळापत्रक काढलं. अठ्ठ्याण्णव किलोंचे आबासाहेब शेवटच्या दोन पेपरांना पुरत नव्हते. दोन्ही गणिताचे होते.

त्यांना जेवायला येऊ नका असं सांगण्याचं धैर्य मला झालं नाही. ज्याच्याकडून ज्वारी यायची त्याला भाकरी कशी नाकारणार? अन्यायाविरुद्ध लेख लिहिणारा मी, दुसऱ्या दिवसापासून वर्गात आबासाहेबांच्या दोन फेऱ्या कमी केल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं की विश्रांती हासुद्धा व्यायामाचाच प्रकार आहे. ते त्यांना लगेच पटलं.

* * *

पण उशीर झाला होता. बाजाराने त्यांना पाहिलं होतं.

बाजारात माणूस बारीक झाला की लोक त्याच्या तब्येतीची चौकशी करत नाहीत, दुकानाची करतात. कोट खांद्यावरून लोंबू लागला तशी कुजबुज सुरू झाली. आबासाहेब बसले म्हणे. अडत गेली म्हणे. ही बातमी मोटारीने अमरावतीला पोहोचली. तिथे त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं. होणाऱ्या व्याह्यांचं पत्र आलं की यंदाचे मुहूर्त फारसे चांगले दिसत नाहीत.

आबासाहेब पत्र घेऊन माझ्याकडे आले. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मुलीने चार दिवस जेवण टाकलं होतं. त्या घरात बहुधा पहिल्यांदाच कोणी उपाशी होतं.

"सर, तुमी माहं पोट नाय, माही पत उतरवली," ते म्हणाले. तुलेला अमरावतीचे व्याही येणार होते. त्या दिवशी आबासाहेबांना पूर्वीइतकंच भरायचं होतं. एकशे बारा. एक छटाकही कमी नाही.

मी, आबासाहेब, गिरजाबाई आणि चौदा मुलं, आम्हा सर्वांना एकच गोष्ट हवी आहे, असं आयुष्यात पहिल्यांदा घडलं. डॉक्टर तेवढे विरोधात होते, पण त्यांना कोणी विचारलं नाही. आबासाहेबांची पंगत त्या दिवसापासून त्यांच्या घरी हलली. बासुंदी आली, पुरी आली, वरूडहून संत्र्यांचे करंडे आले. माणूस शर्थीने जेवला. पण उतरलेलं वजन मोठं मानी असतं, बोलावल्याबरोबर परत येत नाही. तुलेच्या आदल्या दिवशी काटा एकशे दोनवर अडून बसला.

* * *

तुला बाजारात, आबासाहेबांच्या दुकानासमोर झाली. मुलं शेवटच्या पेपरापर्यंत पोटभर जेवली आणि चौदाही जण परीक्षेला बसली, हे आधीच सांगून टाकतो, कारण मला दुसऱ्याच ठिकाणी थांबायचं आहे.

मोठ्या तराजूला झेंडूच्या माळा. एका बाजूला ओळीने दहा-दहा किलोंच्या ज्वारीच्या टोपल्या, अकरा भरलेल्या आणि बारावी दोन किलोंची. समोर खुर्च्यांवर अमरावतीचे व्याही, त्यांचे दोन भाऊ आणि एक मामा. चौघेही डोळे बारीक करून पाहत होते.

आबासाहेब आले ते भर मार्चच्या उन्हात जाड लोकरी कोट घालून. चालताना दोन्ही खिशांतून लोखंडाचा आवाज येत होता. दुकानातली पाच-पाच किलोंची वजनं होती ती. मापात माणसं काय काय करतात हे मी ऐकून होतो, पण स्वतःच्याच विरुद्ध माप मारणारा व्यापारी मी पहिल्यांदा पाहिला. मी तत्त्वाचा माणूस आहे. मी दुसरीकडे पाहिलं. दहा किलो ज्वारी म्हणजे जवळजवळ दोन दिवस.

चौघांनी हात देऊन आबासाहेबांना पारड्यात बसवलं. माप घ्यायला सुपडा होता. तो त्यांच्या दुकानात तीस वर्षं धान्य मोजणारा मापारी, वाळलेला, चपळ, अनवाणी. सकाळी तो बाहेरगावी माल उतरवायला गेला होता आणि थेट तराजूवरच आला होता. त्याने रिवाजाप्रमाणे पहिल्या टोपलीला एक न म्हणता "लाभ" म्हटलं आणि सुरात मोजू लागला. दोन झाल्या, तीन झाल्या. सहा. आठ.

नववी टोपली पडली आणि आबासाहेब वर गेले.

कोटासकट, लोखंडासकट, तरंगत वर गेले. पाय लोंबकळू लागले. जमिनीवर तीन टोपल्या तशाच उरल्या. टाळ्या वाजवायला उचललेले हात लोकांनी खाली घेतले. मामा व्याह्यांच्या कानाला लागले. माझ्या शेजारी गिरजाबाई त्या तीन टोपल्यांकडे पाहत होत्या आणि त्यांची बोटं पदराखाली दिवस मोजत होती.

तेव्हा मला दिसलं. सुपड्याचा उजवा पाय ज्वारीच्या पारड्याच्या कडेवर होता. चांगला भार देऊन, पण इतका सहज, की कोणी गप्पा मारताना भिंतीला टेकावं. त्याचं त्यालाही ठाऊक नसावं.

आबासाहेबांनाही वरून दिसलं.

"सुपडा," ते दात आवळून म्हणाले, "पाय."

सुपड्याने खाली पाहिलं, जसा काही तो पाय दुसऱ्याच कोणाचा आहे. मग झटकन उचलला. आबासाहेब धाडकन जमिनीवर आले. सुपड्याने दोन्ही हात जोडले आणि पहिल्या रांगेतल्या चारही खुर्च्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

"चुकलं, मालक. पन आज आपन माल विकून राहिलो का दान देऊन राहिलो, हे आंदी सांगा लागते ना."