माहेरच्या तांब्याचा संबळ

मालोजी पाचंगे, मालोजींचे धोंडिबा, धोंडिबांचे केरोबा: पाचंगे गोंधळ्यांचे हे तीन पुरुष, आणि त्या केरोबांची थोरली सून राहीबाई. जेवणानंतर ती जरा लवंडली आहे. अंगणात मांडव उभा राहतो आहे. आज तिचा मुलगा हैबती घरचा संबळ तिच्या नातवाच्या कमरेला बांधणार. बांधताना संबळाचं नाव पुकारायचं, आणि ज्याच्या घरचं तांबं त्याचंच नाव पुकारायचं, ही घराण्याची रीत. या संबळाची भांडी घडली आहेत राहीबाईच्या माहेरच्या हंड्यातून. पुकारा मात्र पहिल्यापासून ‘केरोबांचा संबळ’ असाच होत आला. भाऊबंद हसतील म्हणून सासऱ्यांनी सुनेचं नाव गिळलं. ठेवलेलं नाव बदलण्याचा हक्क ठेवणाऱ्याचाच. आज नातवाच्या कमरेला तेच नाव बसलं, की ते कायमचं. तरीही राहीबाई तोंड उघडत नाही. मागून मिळालेला मान तिला नको आहे.

डोळा लागतो न लागतो, तोच उशाशी केरोबा बसलेले. वारून कैक वर्षं झाली, पण गळ्यातली कवड्यांची माळ तशीच.

“सूनबाई, संबळ म्हणजे काय गं?”

“परीक्षा घेताय, मामंजी?”

“विसरलीस म्हण की!”

“विसरायला मी काय तुमच्या भाऊबंदांतली आहे?” ती ताठ बसते. “पंडित सांगतात, संस्कृतात शंबल म्हणजे वाटेची शिदोरी. धोंडिबा म्हणायचे, सांबाचं बळ तो संबळ. आणि तुम्ही लग्नघरी सांगत फिरायचात, दोन भांड्यांचं सम बळ, नवराबायकोसारखं. सासूबाईंसमोर मात्र हे कधी बोलला नाहीत.”

केरोबा खळखळून हसतात. खोलीची भिंत आता नाही. दोघं तांबट आळीत उभी आहेत. तांबट हंडा ठोकतो आहे, आणि प्रत्येक घावाला पाण्यासारखा आवाज होतो. काठावर कोरलेलं तिच्या वडिलांचं नाव एकेक अक्षर सपाट होत चाललं आहे.

“नाव घेऊ तुझं?” केरोबा हळूच विचारतात.

“मी मागितलेलं नाही.”

“म्हणून तर देणं वाढत गेलं.”

आळीचा सभामंडप झाला आहे. गेलेले सारे भाऊबंद ओळीनं बसले आहेत, चेहरे धुरासारखे. केरोबा राहीबाईच्या तळहातावर बेल-भंडारा ठेवून मूठ मिटतात आणि खड्या आवाजात सांगतात, “बेल-भंडार उचलून बोलतो. हा राहीबाईचा संबळ. मी भ्यालो होतो.”

“केरोबा, सुनेच्या तांब्यावर जगलास?” कोणी चुलता खोचकपणे विचारतो.

“जगलो. आणि ताठ मानेनं जगलो!”

“आई, ऊठ की.” दारात हैबती उभा आहे. “संबळ पुजून झाला. पुकारा नेहमीचाच ना?”

राहीबाई मूठ उघडते. ओलसर भंडाऱ्यात चिकटलेलं बेलाचं हिरवंगार पान.

“हे कुठलं?”

“तुझ्या आजोबांनी दिलं. राहीबाईचा संबळ, असं म्हणालेत.”

बेल-भंडाऱ्याच्या शपथेपुढे या घरात दुसरा शब्द चालत नाही. हैबती पान कपाळी लावतो आणि मांडवाकडे वळतो. क्षणभरानं त्याचा आवाज अंगणभर घुमतो, “राहीबाईचा संबळ हो!” आणि त्यावर नातवाची पहिली काठी पडते.

राहीबाई पदर सावरून उभी राहते.

“फिटलं, मामंजी,” ती म्हणते. “सगळं फिटलं.”