वन्संनी केलेली चुगली

फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी बेडगी मिरचीच्या भावावरून वाद घालत होते. "मामी, आई गेली," भाचा म्हणाला. माझ्या थोरल्या नणंदबाई, सुलभावन्सं. दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत; हार्ट अटॅक. त्याला आता दोन महिने होत आले. अशा वेळी माणसाला रडू येतं... मला आधी राग आला. आमचं दोन वर्षांचं भांडण अर्धवट टाकून त्या निघून गेल्या, आणि अर्धवट भांडण मला सोसत नाही. नवऱ्यामागे लालबागला मसाल्याचं दुकान उभं केलं, ते काही गोड बोलून नव्हे.

सात वर्षांपूर्वी माझ्या गळ्यातली थायरॉइडची गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, रोज एक थायरॉइडची गोळी लागली, सगळं सुरळीत चाललं. मग दोन वर्षांपूर्वी रक्ताच्या तपासणीतला आकडा चढायला लागला. आजार परतलाय का, हे बघायला डॉक्टरांनी स्कॅन सांगितला. किरणोत्सारी आयोडीन पोटात द्यायचं. आजाराची पेशी कुठे लपली असेल तर ती ते ओढून घेते आणि फोटोत काळा ठिपका उमटतो. पण त्यासाठी ती आधी आयोडीनला उपाशी हवी. म्हणून महिनाभर रोजची गोळी बंद, आणि पंधरा दिवस साधं मीठ नाही, दूध नाही, मासे नाहीत. मालवणी बाईला!

"पंधराचे आठ करा," मी म्हटलं.

"बाई, इथे घासाघीस चालत नाही," डॉक्टर म्हणाले.

वन्सं पोस्टातून रिटायर झालेल्या; नियम म्हणजे नियम. रोज परळहून बिनआयोडीनच्या मिठात रांधलेला डबा घेऊन दुकानात यायच्या आणि तो संपेपर्यंत समोर बसायच्या. तेराव्या दिवशी त्या यायच्या आत मी मिरच्यांच्या गोणींमागे बसून सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. त्यांना आल्या आल्या वास आला.

"मंदा, काय खाल्लंस?"

"चिमूटभर हो, वन्सं. कुणाला सांगू नका."

त्यांनी डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं, सौदा झाला.

स्कॅनच्या दिवशी इस्पितळाच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "मासे, साधं मीठ, काही खाण्यात आलं?" मी "छे!" म्हटलं, तोच मागून आवाज आला, "परवा जवळा खाल्लाय. वाटीभर." अख्खी रांग वळून बघायला लागली. तारीख तीन आठवडे पुढे गेली.

"वन्सं, तुम्ही माझ्या बाजूच्या की त्यांच्या?"

"तुझ्या गळ्याच्या."

ते तीन आठवडेही गोळीशिवाय काढले. तोंड सुजलं, मे महिन्यात अंगावर शाल, आणि ऐन मसाल्याच्या हंगामात आवाज इतका बसला की भाव करता येईना. मी वन्संशी बोलणं टाकलं. त्या तरीही यायच्या, डबा ठेवायच्या, बसायच्या, मी संपवला की जायच्या.

दुसऱ्या खेपेला मानेत डावीकडे तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका दिसला. "अंगात आयोडीन भरलेलं असतं तर हा कदाचित निसटला असता," डॉक्टर म्हणाले. त्याच आयोडीनचा मोठा डोस दिला, चार दिवस एकटीला खोलीत ठेवलं. पुढे आमचं बोलणं सुरू झालं, पण तुमचं बरोबर होतं, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही. उलट दर सणाला मी उकरून काढायचे, "चारचौघांत माझी अब्रू काढलीत." त्या म्हणायच्या, "काढली. लाडू घे."

गेल्या आठवड्यात यंदाचा स्कॅन झाला. मान स्वच्छ, कुठेही काही नाही. पाठीवरची गोणी कुणी उतरवून घ्यावी तसं वाटलं... पाय आपसूक परळला वळले. वन्संच्या खोलीत भाचा त्यांच्या शिलाई मशीनचा खण आवरत होता. आत अॅसिडिटीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. पोस्टातल्यासारखी, गठ्ठे करून, रबर लावून ठेवलेली.

"छातीत जळजळतं म्हणायची का रे?"

"आम्हाला कधीच नाही बोलली, मामी."

मी तो गठ्ठा हातात घेऊन कॉटवर बसले. एकाला तरी सांगायचंत, वन्सं. मला सांगायचंत, आणि वर बजावायचंत की कुणाला सांगू नकोस... मी तुम्हाला दुसऱ्याच दिवशी हाताला धरून इस्पितळात नेलं असतं, आणि तुमच्यामुळे वाचलेल्या या गळ्याने, साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं तुमचं दुखणं सांगितलं असतं.